पौर्णिमेपर्यंतचा समुद्र

अधिक ज्येष्ठ शुद्ध दशमी

पहाटे पाचला नाशिकच्या पंचवटीतून निघालो. गाडीत मी, आई आणि माझी लेक मुक्ता. दादा घरीच राहिला. देवघरात शाळिग्राम आहे, त्याची पूजा एकही दिवस चुकायची नाही, हा अण्णांचा दंडक तो अण्णांच्या माघारीही पाळतो. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली.

अण्णा याज्ञिकी करायचे. लग्न, मुंज, वास्तुशांत. शाळेला सुट्टी लागायची आणि नेमके तेव्हाच त्यांचे मुहूर्त सुरू व्हायचे. वैशाख-ज्येष्ठात त्यांना धड दोन घास निवांत खायला मिळत नसत, मग गावाला कुठलं जाणार? एकच पळवाट होती. अधिक महिन्यात लग्न-मुंजी होत नाहीत. तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, पण दर वेळी उन्हाळ्यातच येईल असं नाही. १९८८ला अधिक ज्येष्ठ आला, १९९१ला अधिक वैशाख. त्या दोन उन्हाळ्यांत आम्ही हरिहरेश्वरला गेलो. १९९९ला पुन्हा अधिक ज्येष्ठ होता, पण तोवर अण्णांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. बाकीच्या घरांत धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात, आमच्या घरात समुद्र मिळायचा. तोच महिना बहुधा एकोणीस वर्षांनी परत अधिक येतो. यंदा, २०१८ला, १९९९चा अधिक ज्येष्ठ फिरून आला तेव्हा आईनं पंचांग उघडून पौर्णिमा कधी ते पाहिलं आणि मला फोन केला, "जायचं का?"

कसारा घाट उतरताना उजाडलं. लहानपणी हाच घाट एसटीतून उतरायचो. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पहिली गाडी, टपावर ट्रंक आणि वळकटी, आईच्या मांडीवर पितळी डबा. डब्यात दशम्या. दशमीची कणीक पाण्यात नाही, दुधात भिजवतात, म्हणून ती प्रवासात चालायची. पाण्यात शिजलेलं अन्न बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, बाहेरचं पाणी प्यायचं नाही. स्टँडवर गाडी थांबली की बाकीची मुलं लिमलेटच्या गोळ्या घ्यायची. दादा आणि मी दशमीला शेंगदाण्याची चटणी लावून खिडकीबाहेर बघत बसायचो.

घाट उतरून एका हॉटेलशी थांबलो. मी घरून दशम्या केल्या होत्या, आईसाठी. तिनं डबा बाजूला सरकवला आणि बटाटेवडा मागवला. दोन खाल्ले, वर चहा घेतला. मग पदरानं हात पुसून म्हणाली, "हे बघ, या वेळी मी चुलीपाशी जाणार नाही. जिथे मिळेल तिथे खाईन. पण समुद्राला मात्र पौर्णिमेआधी शिवणार नाही. आत्ताच सांगते, मागून आग्रह करायचा नाही."

पनवेलनंतर महामार्गाचं काम चालू असल्यानं गाडी नुसती हिंदकळत होती. माणगावला वळलो तेव्हा दुपार टळून गेली होती. म्हसळ्याच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही अंगांना आमराया आणि सुपारीच्या वाड्या. हरिहरेश्वरला पोचायला संध्याकाळ झाली. सव्वातीनशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून माझे खांदे धरले होते, पण मुक्ताला दम नव्हता. ती तशीच पाण्यात पळाली. आई कोरड्या वाळूवर उभी राहून हसत होती.

एकादशी

पौर्णिमेआधी समुद्राला शिवायचं नाही, या अण्णांच्या नियमाला आधार होता, तो लहर म्हणून केलेला नव्हता. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत एक वचन सांगतात : पिंपळ आणि सागर यांची सेवा करावी, पण त्यांना स्पर्श करू नये. पिंपळाला फक्त शनिवारी शिवावं आणि सागराला फक्त पर्वकाळी. पर्व म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या. त्यामुळे आमची सुट्टी पौर्णिमेवर संपेल अशी बेतलेली असायची, आणि तोवर समुद्र नुसता बघायचा. दहा वर्षांची मी आणि तेरा वर्षांचा दादा. नाशिकच्या मुलांना पाण्याची नवलाई नव्हती, गंगेवर तर आम्ही रोज जायचो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) पण रामकुंडाला पलीकडचा काठ आहे. याला काठच नव्हता, आणि त्याच्यासमोर हात बांधून बसायचं.

दादानं तेव्हा एक प्रश्न काढला होता. आपण पुढे गेलो नाही, जागच्या जागी उभे राहिलो आणि लाटच येऊन पायाला लागली, तर ते शिवणं कुणाचं? आपलं की समुद्राचं? मला वाटलं आता बोलणी बसणार. अण्णा रागावले नाहीत. "उद्या सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून, पळी-पंचपात्र आवरता आवरता त्यांनी निर्णय दिला. लाट इथवर येते हे ठाऊक असताना उभं राहिलास तर तो तुझाच स्पर्श. ठाऊक नसताना आली तर दोष नाही. मग दादा आणि मी रोज, लाट कुठवर येते ते अजिबात ठाऊक नसलेली जागा शोधत हिंडायचो. लहान मुलाच्या प्रश्नावर रात्रभर विचार करणारा बाप मला मिळाला, ही गोष्ट मी आजही मोठी मानते. कडक माणसं पुष्कळ असतात, पण प्रश्न ऐकून घेणारी कडक माणसं थोडी.

आज सकाळी आठ वाजता आई किनाऱ्यावर जाऊन बसली आणि मुक्ताला म्हणाली, "सव्वाआठला भरती पूर्ण होईल, बघत राहा." मुक्तानं मोबाइलमध्ये पाहिलं, तिथे जरा मागेपुढे वेळ होती, फार फरक नव्हता. तिला वाटलं आजीनं आधीच कुठे वाचलं असणार.

ही विद्या अण्णांना १९८८ला एका होडीवाल्या तांडेलानं दिली. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून बाणकोटच्या बाजूला जायचं होतं. गाड्या नेणारी फेरीबोट, जंगलजेटी, तेव्हा नव्हती, होडीच असायची. तांडेलानं अण्णांची शेंडी आणि उपरणं पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, आज तिथी कुठली?" अण्णांनी सांगितली. तो मनाशी काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, तासाभरात निघू, पाणी भरतंय. अण्णांनी त्याला सोडलं नाही, हिशेब विचारून घेतला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागे भरतीही तेवढीच सरकते, म्हणून हे गणित जमतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी हाकायला पुरतं.

अण्णांना पाऊणकी तोंडपाठ. "अकरा पाऊणे सव्वाआठ," असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ घेऊन वाळूत बसले आणि पाण्याच्या रेषेपाशी काटक्या रोवत राहिले. ज्या पंचांगावरून ते जन्मभर मुहूर्त काढत आले, त्याच पंचांगावर इथे जाळी टाकली जातात, याचा त्यांना झालेला आनंद मला अजून दिसतो. ज्या पाण्याला शिवायचं नाही त्याची नाडी धरून बसले होते.

दुपारी खानावळीत वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग स्वतःशीच, पण मला ऐकू येईल असं : "असू दे. मी केलेलं नाही."

द्वादशी

सकाळी लवकर पारणं केलं आणि दिवेआगरला गेलो. श्रीवर्धनवरून शेखाडीच्या बाजूनं जाणारा रस्ता समुद्राला लागून आहे आणि फार देखणा आहे. घाई करू नका, वाटेत थांबा. दिवेआगरला सुवर्णगणेशाचं देऊळ. १९९७ला एका वाडीत खणताना पेटी निघाली, त्यात सोन्याचा मुखवटा होता. २०१२ला दरोडा पडला आणि तो गेला. आम्ही गेलो तेव्हा लोक मुखवट्याविनाच हात जोडत होते, आईनंही जोडले. रूपनारायणाची मूर्ती मात्र डोळे भरून पाहण्यासारखी आहे.

परतीच्या वाटेवर श्रीवर्धनला रोठा सुपारी घेतली. अण्णांना पूजेला इथलीच लागायची.

त्रयोदशी

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, आणि मग पुन्हा काळभैरवाचं. पेशव्यांचं हे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथांचं श्रीवर्धन इथून जवळच.

देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. पायऱ्या चढून वर जायचं, मग दोन खडकांमधल्या चिंचोळ्या घळीतून उतरत थेट समुद्रापाशी. खाली आलं की उजव्या हाताला सगळा कडा लाटांनी कोरलेला, त्यात भोकंच भोकं, काही ठिकाणी नक्षी काढल्यासारखी. हे फक्त ओहोटीला करायचं. भरतीला पाणी कड्याशी येतं आणि परतीची वाट बंद होते. माणसं वाहून गेली आहेत, तसे फलकही आहेत, तरी काही जण फोटोसाठी खडकांच्या टोकापर्यंत जातात. त्रयोदशीला भरती पावणेदहाची, म्हणजे ओहोटी चारच्या सुमारास. आम्ही साडेतीनला निघालो. आई वरच्या पायऱ्यांवर बसली, तिला घळीतून उतरणं जमलं नसतं.

लहानपणी हा दिवस आमचा सणाचा. खडकांच्या खळग्यांत समुद्राचं पाणी साचलेलं असतं आणि प्रदक्षिणेत ते तुडवावंच लागतं. दादानं अर्थातच विचारलं. अण्णा म्हणाले, हा क्षेत्राचा मार्ग आहे, इथे गायत्रीतीर्थ आहे, शुक्लतीर्थ आहे, तीर्थाच्या पाण्याला हा निषेध नाही. एवढं ऐकल्यावर आम्ही एकही खळगा सोडला नाही. एका खळग्यात बोटाएवढे पारदर्शक मासे होते. मी ओंजळ बुडवली आणि ते माझ्या बोटांमधून निघून गेले. मी पहिल्यांदा समुद्राला हात लावला तो असा, तीर्थाच्या नावाखाली.

त्याच वाटेवर अण्णांनी आम्हाला नद्यांचं सांगितलं. मला वाटायचं आपली गंगाही इथेच येऊन मिळत असणार. ती उगम पावते त्या ब्रह्मगिरीपासून हा समुद्र सरळ रेषेत किती जवळ! पण ती पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालत जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळते. इथे मिळते ती महाबळेश्वरची सावित्री. मला तेव्हा रडूच आलं होतं. आज मुक्ताला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आपण तिथे जाऊ, त्यात काय." तिला समुद्र म्हणजे कधीही जायची जागा आहे. त्याचा मला आनंदच आहे.

चतुर्दशी

हा दिवस लिहायला मला जड जातो.

१९९१ची चतुर्दशी. मी तेरा वर्षांची. सकाळी उठले आणि मला कावळा शिवला होता. उद्या पौर्णिमा. तीन वर्षं मी त्या पौर्णिमेची वाट पाहिली होती. ज्या घरी उतरलो होतो त्यांच्या मागच्या पडवीत माझी चटई पडली. वेगळं ताट, वेगळा तांब्या. कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही. सगळं अगदी शांतपणे झालं, आणि म्हणूनच भांडायला कुणी समोर नव्हतं. पडवीतून समुद्र दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता.

तासाभरानं आई आली आणि माझ्याशेजारी दुसरी चटई टाकून बसली. "मलाही अडचण आली," म्हणाली. मग स्वयंपाक कोण करणार? अण्णांनी केला. सोवळ्याचा मुकटा नेसून, विहिरीचं पाणी स्वतः शेंदून, वातीच्या स्टोव्हवर मुगाची खिचडी. आमच्या ताटांत वरून वाढायचे. पौर्णिमेला अण्णा आणि दादा समुद्रस्नान करून आले, दादाच्या केसांत वाळू होती, आणि तो माझ्याकडे बघेना. आई आणि मी त्या पडवीत पत्ते खेळलो, गाणी म्हटली, दुपारी चक्क झोपलो. आईला दुपारी झोपलेली मी त्याआधी पाहिलेली आठवत नाही.

कारण एरवी आईची सुट्टी अशी असायची : पहाटे चारला उठून विहिरीवर अंघोळ, ओल्यानं पाणी भरायचं, सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्य, जेवणं, शेण लावणं, भांडी, पुन्हा संध्याकाळचं. नियम अण्णांचे, आणि ते पाळायचे कष्ट आईचे. १९८८च्या पौर्णिमेला तिनं समुद्रात तीन बुड्या मारल्या आणि ओल्या लुगड्यानिशी धावत वर गेली, वरणाला फोडणी द्यायची राहिली होती म्हणून. अण्णांनी आम्हाला शिस्त दिली, पाठांतर दिलं, आकाशाकडे बघायला शिकवलं, या सगळ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पण ही विभागणी चूक होती. ती देवानं केलेली नव्हती, आणि ती बदलणं अण्णांच्या हातात होतं. खिचडी त्यांना येत होती.

आणखी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचं घर काळाराम मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. अण्णा रोज त्या दारातून आत जायचे, आम्हाला काकडआरतीला न्यायचे, पण हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते शाळेत कळलं. चार दिवस पडवीत बसवलेल्या मुलीचं दुःख आणि पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसांचं दुःख मी एका पारड्यात घालत नाही. पण दोन्हीकडे विटाळ मानणारं मन एकच आहे, आणि त्या पडवीत बसले नसते तर मला ते कदाचित इतक्या लवकर कळलं नसतं.

आज रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो. मुक्तानं सरळ विचारलं, "आजी, माझे पिरियड आत्ता आले तर मी उद्या समुद्रात जायचं की नाही?"

"जायचं," आई म्हणाली. "जपून जायचं, लाटा मोठ्या असतात."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी मला काही झालं नव्हतं."

मला आधी कळेचना.

"तू एकटी पडवीत. मी आत खुडबुड करत बसणार आणि उद्या समुद्रावर जाणार? नाही बघवलं. म्हटलं, आपणही बसावं."

"अण्णांना माहीत होतं?"

"बारा वर्षांचा संसार असता तर फसले असते. वीस वर्षांचा होता." आई थांबली. "पण बोलले नाहीत. खिचडी केली."

आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. मुक्तानं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं आई म्हणाली, "म्हणून म्हटलं, पौर्णिमेलाच जायचं. माझी एक पौर्णिमा राहिलीय."

पौर्णिमा

आता मला तिचा नियम कळला. मी इतके दिवस मनातून चडफडत होते की अण्णा गेले तरी ही त्यांचंच पाळतेय. तिनं तर आपल्या हातांनी निवडलं होतं. चूल सोडली, कारण ती तिच्यावर टाकलेली होती. पौर्णिमा ठेवली, कारण ती तिला हवी होती.

सकाळी साडेसातला किनाऱ्यावर आलो. ओहोटी पहाटेच होऊन गेली होती, पाणी चढत होतं. पुढे जाऊ नका, इथे ओढ आहे, असं किनाऱ्यावरच्या माणसानं सांगितलं, म्हणून गुडघाभर पाण्यातच थांबलो. आईचा एक हात मी धरला होता, दुसरा मुक्तानं. तिनं हळदकुंकू वाहिलं, अर्घ्य दिलं आणि संकल्प सांगायला लागली. अधिक ज्येष्ठ मास, शुक्ल पक्ष, पौर्णिमा, गोत्र, सगळं न अडखळता. आमच्या घरात संकल्प अण्णा सांगायचे आणि आई मागे उभी असायची. तिला तो येतो हे मला माहीत नव्हतं. मुक्ता म्हणाली, "आजी, तू गुरुजी व्हायला हवं होतंस." आईनं मान हलवली, होकाराची.

मग ती खाली बसली आणि लाट डोक्यावरून घेतली. एक, दोन, तीन. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, "थांब गं. वरण नाहीये कुठे."

दहा वाजून गेले तरी ती पाण्याच्या कडेला बसून होती. पाणी चढेल तसं आम्ही तिला मागे घेत होतो. बाराला खोली सोडायची होती ते तिघीही विसरलो, मालकांनी अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त लावले आणि मी ते दिले. जेवायला उकडीचे मोदक आणि सोलकढी. आईनं मोदक कसा फुटलाय ते बारकाईनं पाहिलं, उकड सैल झाली असं मत दिलं, आणि आणखी दोन मागवले.

निघताना गाडीत तिनं पंचांग काढलं. "पुढचा अधिक दोन वर्षांनी, अश्विन."

"आई, आता मुहूर्त कुणाचे अडलेत? अधिकाची वाट कशाला बघायची?"

तिनं पानं उलटली. "मग कार्तिकी पौर्णिमा. तेव्हा हवाही चांगली असते. दादाला सांग, त्यालाही यायचंय म्हणावं."

"आणि देवांचं?"

"बरोबर घेईल संपुष्टात, देवांच्या डबीत. अण्णा घ्यायचे तसे."

म्हसळ्याला रेंज आल्यावर मी दादाला फोन लावला.